मामांच्या शोकेसमधली सुरी आणि चिठ्ठीवर नसलेलं नाव

 

मागच्या महिन्यात मामांचं घर आवरायला गेलो होतो. मामा जाऊन आता वर्ष होईल. मामेभावाला फ्लॅट रिकामा करायचा होता, म्हणून आम्ही दोघं दोन दिवस खोकी भरत बसलो. हॉलमध्ये ते जुनं काचेचं शोकेस. त्यात कोरीव भोपळ्याचं भांडं, चामड्याची एक उशी, आणि लहानपणापासून आम्हाला हात लावू न दिलेली ती सुरी.

मामा १९७७ ते १९८२ नायजेरियात होते, उत्तरेकडच्या कानो शहरात, गणिताचे मास्तर. तेव्हा तिकडे तेलाचा पैसा आला होता. १९७६ मध्ये तिथल्या सरकारनं सर्व मुलांसाठी प्राथमिक शिक्षणाची मोठी योजना काढली, शाळा वाढल्या, शिक्षक कमी पडले. भारतातून बरेच मास्तर तिकडे गेले, त्यातले एक आमचे मामा.

मामेभाऊ सुरी हातात घेऊन म्हणाला, "एक जुन्या वस्तूंवाला आला होता. म्हणाला, ट्रायबल नाईफ आहे, देऊन टाका. देऊ का?"

मी म्हटलं, थांब जरा. खरं सांगायचं तर थांब का म्हणालो ते मलाही नीट ठाऊक नव्हतं. पण ते 'ट्रायबल नाईफ' कानाला खटकलं. म्हणून सुरी घरी आणली आणि वाचायला बसलो. त्या वाचनातून जे कळलं ते लिहितोय.

आधी वस्तू कशी आहे ते सांगतो. वीतभर लांबीचं सरळ, दुधारी पातं. मूठ फुलीसारखी, म्हणजे उभी दांडी आणि तिच्यावर आडवी पट्टी. त्यावर पितळेचा पत्रा आणि पत्र्यावर बारीक रेघा, त्रिकोण, ठिपके. म्यान लाल चामड्याचं. आणि म्यानाच्या पाठीला चामड्याचंच एक रुंद कडं शिवलेलं. लहानपणी आम्हाला वाटायचं, हे कमरेचा पट्टा ओवायला असेल. तसं नाही. त्या कड्यातून डावा हात घालायचा. सुरी हाताच्या आतल्या बाजूला, मनगट आणि कोपर यांच्यामध्ये बसते आणि मूठ तळहाताकडे येते. उजव्या हातानं आडवी पट्टी बोटांत धरली की सुरी झटक्यात बाहेर.

सहारा वाळवंटातले तुआरेग लोक हिला 'तेलेक' म्हणतात. त्यांच्या दक्षिणेला राहणारे हाउसा आणि आजूबाजूचे इतर लोकही हाताला बांधायच्या सुऱ्या वापरत. ती हातालाच का बांधायची, याचं उत्तर त्यांचे कपडे पाहिले की मिळतं. अंगात पायघोळ, सैल झगा, वर उंटावर बसलेलं. कमरेची सुरी झग्याच्या घोळात सापडणार कशी? हाताची सुरी बाहीखाली झाकलेलीही राहते आणि हाताशीही राहते. दोन्ही हात कामाला मोकळे. शेकडो वर्षं वापरून घासून ठरलेली ही रचना आहे. कुणी कारागिरानं डोकं लावल्याशिवाय ती ठरत नाही.

आता लोखंडाकडे येऊ. 'आफ्रिकेत काय होतं हो?' असं आपल्याकडे सहज बोललं जातं. तर नायजेरियातच तारुगा नावाच्या ठिकाणी उत्खननात लोखंड गाळायच्या भट्ट्या सापडल्या, त्या इसवी सनापूर्वी चारपाचशे वर्षांच्या आसपासच्या. बुर्किना फासोमधल्या प्राचीन लोखंड-भट्ट्यांच्या जागांना २०१९ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा यादीत घेतलं. त्यातली सर्वात जुनी खूण इसवी सनापूर्वी आठव्या शतकातली आहे. मातीची भट्टी, कोळसा, भाता, आणि खनिजातून लोखंड वेगळं करायचं कसब. हे सगळं त्या मातीत होतं.

आणि तरीही मधल्या काळातल्या कित्येक हत्यारांची पाती बाहेरून आलेली होती. हे वाचताना मी जरा थबकलो.

हाइनरिश बार्थ नावाचा जर्मन प्रवासी १८५१ मध्ये सहारा ओलांडून कानोला पोचला. या माणसाला आकडे लिहून ठेवायची सवय होती. त्यानं लिहिलंय की कानोच्या बाजारात तलवारींची पाती येतात ती जर्मनीतल्या झोलिंगन गावची, वर्षाला साधारण ५० हजार, आणि त्यांना मुठी बसतात कानोमध्ये. उंटांच्या काफिल्यातून पातं यायचं. इथला लोहार त्याला मूठ, म्यान, पट्टा करायचा, आणि ती तलवार पुन्हा दूरदूरच्या राज्यांत विकली जायची. तुआरेगांची प्रसिद्ध तलवार 'ताकूबा', तिची कितीतरी जुनी पाती युरोपातली आहेत. तलवार मोडली तर तुकडा फेकायचा नाही, त्यातून हाताची सुरी करायची.

हे वाचताना आपल्याकडची फिरंग आठवली नाही तर नवल. पोर्तुगीज आणि इतर व्यापाऱ्यांकडून युरोपी पाती दख्खनमध्ये आली, मूठ इथली बसली, आणि त्या तलवारीला नावच पडलं 'फिरंग'. म्हणजे एकाच काळात युरोपातली पाती सह्याद्रीतही येत होती आणि सहारातही. पण फिरंग धरून लढणारे आपण, त्या पात्यामुळे आपलं शौर्य उसनं होतं असं म्हणत नाही. मग त्यांच्याबद्दल तरी तसं का म्हणायचं?

यात एक गंमत आहे. झोलिंगनच्या पात्यांवर कारखान्यांचे शिक्के असत, अर्धचंद्राचा छाप असे. पुढे आफ्रिकेतल्या लोहारांनी स्वतः घडवलेल्या पात्यांवरही तोच अर्धचंद्र ठोकायला सुरुवात केली. कारण गिऱ्हाईक छाप बघून माल घ्यायचं. पातं स्वतःचं, घाम स्वतःचा, आणि शिक्का परक्याचा.

हे वाक्य लक्षात ठेवा, पुन्हा लागेल.

आता म्यानाचं लाल चामडं. बकरीचं. चामडं कमवायला हाउसा कारागीर एका झाडाच्या शेंगा वापरतात, त्या झाडाला तिकडे 'बगारुवा' म्हणतात. हे झाड कोणतं हे शोधलं आणि हसू आलं. ती आपली बाभूळ! तीच ती, बांधावरची, काटे मोडणारी. आपल्याकडेही चामडं कमवायला बाभळीची साल वापरत आलेत. आणि लाल रंग? तो काढतात एका जातीच्या ज्वारीच्या ताटावरच्या पानांच्या आवरणातून. ज्वारी मुळात आफ्रिकेचीच, काही हजार वर्षांपूर्वी तिकडून आपल्याकडे आली. आपण तिची भाकरी केली, त्यांनी भाकरीसारखंच खाणं केलं आणि वर चामडंही रंगवलं. मी ते म्यान नाकाशी धरून बघितलं. चाळीस वर्षांनी वास कसला येणार? पण बाभूळ आणि ज्वारी कळल्यावर वस्तू परकी वाटेनाशी झाली.

या चामड्याचीही तीच कथा आहे. जुन्या इंग्रजी पुस्तकांच्या बांधणीसाठी 'मोरोक्को लेदर' नावाचं उंची चामडं वापरत. त्यातलं बरंचसं चामडं मुळात कानो-सोकोतो भागातलं. तिथे बकऱ्यांची कातडी कमवायची, रंगवायची, उंटावर लादायची. सहारा ओलांडून ती उत्तर आफ्रिकेच्या बंदरांत जायची आणि तिथून युरोपात. युरोपातल्या माणसाला शेवटचं बंदर दिसलं, म्हणून नाव मोरोक्कोचं. कानोच्या चांभाराचं नाव कुठेच नाही.

मग या वस्तू घडवणारी माणसं कोण?

तुआरेग समाजात कारागिरांचा वेगळा वर्ग आहे. त्यांना 'इनादन' म्हणतात, एकट्याला 'एनद'. पुरुष लोखंड, लाकूड, चांदी, पितळ यांची कामं करतात. त्यांच्या बायका चामड्याचं काम करतात. म्हणजे सुरी नवऱ्याची आणि म्यान बायकोचं. हत्यारं अगदी थोडी. बकरीच्या कातड्याचा भाता, जमिनीत रोवलेली छोटी ऐरण, हातोडा, कानस. जमिनीवर बसून काम करायचं आणि वस्तू पायांनी धरायची. पाय हाच त्यांचा शेगडा. नाजूक चांदीकामासाठी मेणाचा नमुना करायचा, त्यावर माती लिंपायची, मेण वितळवून काढायचं आणि पोकळीत धातू ओतायचा. चांदी कुठून? तर मारिया थेरेसाचे १७८० साल छापलेले ऑस्ट्रियन रुपये वितळवून. तेही परक्या राणीचं तोंड असलेले.

प्रत्येक मोठ्या सरदार घराण्याचं आपापल्या लोहार घराण्याशी पिढीजात नातं असे. मोबदला बहुतेक धान्य, जनावरं, लग्नकार्यातला वाटा अशा रूपात. आपल्या बलुत्याची आठवण होते ना? लोहार नुसता लोहार नाही. तो लग्नं जुळवणार, निरोप नेणार, भांडणं मिटवणार, समारंभात गाणार. सरदारानं कमी बोलावं, तोंडावरचा पडदा सांभाळावा, अशी तिथली रीत. लोहाराला ती अट नाही. तो सरदाराच्या तोंडावर खरं बोलू शकतो. पण मान? मान नाही. लग्नसंबंध आपापसातच. आणि वर भीती. लोहाराच्या अंगात एक वाईट शक्ती असते, तो नाराज झाला तर माणसाचं, जनावराचं वाटोळं होतं, असा समज. लोखंडाचा थेट स्पर्श अशुभ, म्हणून मुठीला चामडं आणि पितळ चढवायचं, असंही तिथे सांगितलं जातं. विस्तवाशी आणि लोखंडाशी झुंजणारा तो, आणि अशुभही तोच. ज्याच्याशिवाय गावगाडा चालत नाही त्यालाच वेशीजवळ बसवायचं. ही रीत आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

याची दुसरी बाजू लपवून पोस्ट लिहिली तर अप्रामाणिकपणा होईल. हाताला ही सुरी बांधणारे तुआरेग सरदार गुलाम बाळगत. कानोच्या बाजारात माणसंही विकली जात, बार्थनं तेही लिहून ठेवलंय. त्या बाजारातलं चलन कोणतं? कवड्या. त्या पात्यांची किंमत त्यानं नगाला हजार कवड्या अशी धरलीय. या कवड्या मालदीवच्या समुद्रातल्या. भारताच्या किनाऱ्यावरून, युरोपी जहाजांतून पश्चिम आफ्रिकेत जात, आणि किनाऱ्यावर त्यांच्या बदल्यात माणसं विकत घेतली जात. भवानीच्या भुत्याच्या गळ्यात असतात तशा कवड्या. एका समुद्रातून आलेली तीच वस्तू इकडे देवीची माळ झाली आणि तिकडे माणसाची किंमत. नायजर देशाच्या कायद्यात गुलामगिरी हा गुन्हा ठरला तो २००३ मध्ये. म्हणून 'सहाराचे निळे शूरवीर' वगैरे रोमँटिक लेख वाचताना एवढं डोक्यात असू द्या.

रोमान्सवरून आठवलं. एकोणिसाव्या शतकात काही युरोपियनांनी या मुठीचा, तलवारीचा आणि उंटाच्या खोगिराचा फुलीचा आकार बघितला आणि ठरवून टाकलं की हे लोक पूर्वी ख्रिस्ती असणार, कदाचित वाट चुकलेल्या क्रुसेडर सैनिकांचे वंशज! आकार चांगला दिसला की तो आमच्याकडूनच गेला असणार, असा हिशेब. फुलीच्या आडव्या पट्टीमुळे बोटांना पकड मिळते, एवढं साधं कारण लोहाराला विचारलं असतं तरी कळलं असतं. पण लोहाराला कोण विचारतं?

मग साम्राज्यं आली. इंग्रजांनी फेब्रुवारी १९०३ मध्ये कानो घेतलं, मार्चमध्ये सोकोतो. त्या मोहिमेमागचा हाय कमिशनर फ्रेडरिक लुगार्ड, जन्म मद्रासचा. उत्तरेला फ्रेंच होते. १९०२ मध्ये तित इथे फ्रेंच अधिकाऱ्याच्या हाताखालच्या बंदुकवाल्या तुकडीनं होग्गारच्या तुआरेगांचा मोड केला. डिसेंबर १९१६ मध्ये काओसेन नावाच्या तुआरेग पुढाऱ्यानं अगादेझ शहरातल्या फ्रेंच ठाण्याला वेढा घातला. तीन महिने वेढा टिकला, मार्च १९१७ मध्ये मोडला, आणि नंतर फ्रेंचांनी शहरात भयंकर सूड घेतला. त्या काळात तिकडची हत्यारं पेट्यापेट्यांनी युरोपात गेली. संग्रहालयांत आजही दिसतात. चिठ्ठीवर काय असतं? कोणत्या लोकांची, कोणत्या सालची, आणि कुणी आणून दिली, म्हणजे कोणत्या कॅप्टनसाहेबांची भेट. कुणी घडवली, हा रकाना नाहीच.

त्यानंतर युरोपचं भंगार लोखंड स्वस्तात मिळू लागलं आणि जुन्या भट्ट्या एकेक करून विझल्या. विसाव्या शतकात पात्यासाठी सगळ्यात आवडता माल ठरला मोटारीचा कमान-पाटा. यात नवल काय? आपल्या आठवडी बाजाराबाहेर पाल ठोकून बसलेला घिसाडी ट्रकच्या पाट्यातूनच कोयता घडवतो. चांगलं पोलाद कुठं असतं हे दोघांनाही एकमेकांना न विचारता कळलंय.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला साहेल प्रदेशात भीषण दुष्काळ पडला, १९८४-८५ मध्ये पुन्हा. जनावरं गेली. ज्या सरदारांच्या जिवावर लोहार जगायचे त्यांच्याकडेच काही उरलं नाही. कित्येक कुटुंबं शहरांकडे, शेजारच्या नायजेरियाकडे निघाली. लोहार त्यातल्या त्यात तगले, कारण त्यांची इस्टेट हातात होती, पाठीवर नव्हती. त्यांनी पर्यटकांसाठी दागिने केले, कागद कापायच्या सुऱ्या केल्या. अगादेझवरून पॅरिस-डकार मोटार शर्यत जायची तेव्हा परदेशी गिऱ्हाईक मिळायचं. नंतर बंडं झाली, अपहरणं झाली, पर्यटक यायचे थांबले. अगादेझचं जुनं शहर २०१३ मध्ये जागतिक वारसा यादीत आलं, पण यादीत नाव आलं म्हणून दारात गिऱ्हाईक येत नाही.

आमच्या मामांनी ही सुरी त्याच मधल्या काळात घेतली. ते सांगायचे ते आता मला कळतंय. कानोच्या कुर्मी बाजाराच्या कडेला एक माणूस बसायचा, उत्तरेकडून दुष्काळात आलेला. मुठीचं लाकूड दोन्ही पायांच्या अंगठ्यांत धरून कानस चालवायचा. शेजारी बायको म्यान शिवत असायची. मामा शाळा सुटल्यावर जाऊन तासन्‌तास बघत बसायचे. तो माणूस मामांना विचारायचा, "तुमच्या देशात लोहार आहेत का? त्यांना मुली देतात का?" मामा हा प्रश्न सांगून हसायचे. आम्हीही हसायचो. त्यानं तो प्रश्न का विचारला असेल हे परवा, एवढं सगळं वाचल्यावर, रात्री अकरा वाजता माझ्या डोक्यात शिरलं. तो गंमत करत नव्हता.

आणि मामांनी काय उत्तर दिलं होतं, ते त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही.

परवा म्यान जरा सैल करून पाहिलं तर आत घडी घातलेली चिठ्ठी. मामांचं सुबक अक्षर. "कानो, कुर्मी मार्केट. डिसेंबर १९७९. वजन २१० ग्रॅम. किंमत ६ नायरा." गणिताचा मास्तर. सगळं मोजून लिहिलं. साल लिहिलं, वजन लिहिलं, पैसे लिहिले. तासन्‌तास ज्याच्याजवळ बसले त्या माणसाचं नाव नाही लिहिलं. त्याच्या बायकोचं तर नाहीच.

मामा भले माणूस होते. कुणाला कमी लेखणारे नव्हते. तरीही राहिलं. झोलिंगनचा शिक्का राहतो, मोरोक्कोचं नाव राहतं, मारिया थेरेसाचं तोंड राहतं, कॅप्टनसाहेबांची भेट राहते. घडवणाऱ्याचं नाव मात्र आमच्या मामांसारख्या माणसाकडूनही राहून जातं, कारण ते विचारायचं असतं हे आपल्याला कुणी शिकवलेलंच नसतं.

मामेभावाला फोन केला, सुरी विकायची नाही. तो म्हणाला, बरं, मग तूच ठेव. मामांची चिठ्ठी तशीच आत ठेवली. तिच्या मागे मी एक ओळ लिहिली: "घडवणारा आणि म्यान शिवणारी – नवरा-बायको, दुष्काळात उत्तरेकडून आलेले. नावं आम्ही विचारली नाहीत."

परवा रविवारी बाजारात विळ्याला पाणी द्यायला पालावर गेलो होतो. ज्या माणसाकडे गेली बारा-पंधरा वर्षं जातोय, त्याला पहिल्यांदाच नाव विचारलं. त्यानं आधी माझ्याकडे संशयानं बघितलं. म्हणाला, "का? कशाला पाहिजे?"

भाता मारणाऱ्या त्याच्या बायकोनं न थांबता नाव सांगितलं. आधी त्याचं, मग स्वतःचं.

तुमच्या घरात आजोबांचा अडकित्ता, आजीची विळी, देवघरातली समई असेलच. कुणी केली होती, माहीत आहे का? माहीत असेल तर खाली लिहा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहिलंत तर आणखी बरं. ती आहेत तोवर विचारा.